दोरीचं टोक

दात काढा म्हणाले, एवढंच.
राजारामपुरीतल्या माझ्या खुर्चीत
बाळगोंडा मगदूम, वय एकाहत्तर,
टोपी मांडीवर, घडी न मोडता.
"खालचा. डाव्या अंगाचा. हालतोय.
चूळ भरली की रगात येतंय."

दाताला कीड नव्हती.
मुळाशी हिरडी वर आलेली,
पिकल्या करवंदाएवढी, त्याच रंगाची,
काडी लागताच ओली.
मी दात काढला नाही.
तुकडा घेतला, बाटलीत सोडला,
कागदावर लिहिलं : तंबाखू नाही.
(दोनदा शपथ घेतली होती त्यांनी,
दुसऱ्यांदा बायकोकडं बघत.)

नवव्या दिवशी लॅबच्या सरांचा फोन.
नेहमीची घाई नव्हती आवाजात.
"हे तोंडातलं नाही, मॅडम.
पुन्हा रंग लावून बघितला. तपकिरी उतरलाय.
छातीच्या अस्तरातलं आहे हे.
पेशंटच्या छातीचं काही?"

होतं.
गेल्या साली डाव्या बाजूला पाणी, दीड लिटर.
सहा महिने टीबीच्या गोळ्या,
लघवी तांबडी, वजन अकरा किलोनं खाली,
कोर्स पूर्ण, कार्डावर शिक्का.
आयुष्यभर हातांनी काय केलंत
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"साखर कारखान्यात हुतो. बॉयलरवर.
हंगाम संपला की जुनी दोरी सोलायची, नवी गुंडाळायची.
पांढरी असती बघा. कापसागत, पण जळत न्हाई.
सोलताना पिठाच्या गिरणीत बसल्यागत हुयाचं,
भुवया सुदीक पांढऱ्या."
हसले. खोकले. टोपी खाली पडली.
मग दाखवलं : एक हात पाइपाखालनं,
एक वरनं, ओढून, आवळून.
"आणि टोक?"
"टोक दातात धरायचं की.
तिसरा हात कुठनं आणू, डाक्टरीणबाई?"

तोंड उघडून बोट ठेवलं.
तोच. खालचा. डाव्या अंगाचा.

मालूताई तोवर भिंतीला टेकून होत्या.
"मी बोंबलत हुते. तोंडात घालू नगा म्हणून."
चाळीस वर्षांचं भांडण
त्या माझ्या दवाखान्यात जिंकल्या
आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

मी सांगितलं, तसं नाही.
चिठ्ठीच्या मागं चित्र काढलं :
हे नाक, ही फुप्फुसं, हे वरचं अस्तर.
धागा श्वासातनं गेला, इथं रुतला,
काही बोलला नाही, तुमचं लग्न झालं, मुली झाल्या,
तुम्ही रिटायर झालात, आणि मग
इथनं रक्तात, रक्तातनं जबड्यात.
फार क्वचित. मी पहिल्यांदाच बघतेय.
दातात धरलेल्या टोकाचा ह्याच्याशी संबंध नाही.

मालूताईंनी चित्र बराच वेळ बघितलं.
"व्हय. पण मग त्यो त्याच दाताला कसा आला?"

माझ्याकडं शब्द होता, योगायोग.
तो मी गिळला.

"संगं कोण कोण होतं?"
"भूपाल. नरसगोंडा. दोघंबी खोकूनच गेली.
टीबी म्हणत हुते." टोपी झटकली.
"आता दात काढायचा न्हाई म्हणा की."

पत्र लिहून दिलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं.
दारात पुन्हा वळले :
दूध चालंल का?

महिन्याभरानं रात्री गंगावेशीत गेले.
म्हैस उभी, कासेखाली चरवी,
कट्ट्यावर ते, कानटोपीत, निम्मे उरलेले,
ग्लास उजव्या कोपऱ्यानं तोंडाला.
मला बघून गवळ्याला म्हणाले,
"बाईंना दे. फेसासकट."

मला निरसं दूध आवडत नाही.
प्याले.
त्यांच्या ग्लासाच्या काठाला गुलाबी रेघ होती,
ती त्यांनी अंगठ्यानं पुसली, धोतराला लावली,
आणि म्हशीला पान्हा कसा फुटतो
ते मला समजावून सांगत राहिले.